गोणपाटावरचे शंभर दाणे

"पोरगी हुशार आहे, मालक. आणि मुख्य म्हणजे बोलत नाही."

पत्र्याच्या पार्टिशनपलीकडून मॅनेजरांचा आवाज आला. ते पार्टिशन छतापर्यंत पोचत नव्हतं, त्यामुळे मालकांच्या खोलीत काय चाललंय ते सरळ माझ्या टेबलापर्यंत यायचं. मी स्टुलावर बसून काचेच्या बशीतले ज्वारीचे दाणे चिमट्याने एकेक बाजूला करत होते.

"बोलत न्हाई तर बरंच की," मालक म्हणाले. "काम करायली ना?"

"एक्याऐंशी काढलेत. कार्डावर सही करून दिलीय."

"मंग झालं."

चिमटा हातात तसाच राहिला. मला बरं वाटलं होतं. हे लिहायला आज जड जातं, पण खरं तेच आहे. नोकरीला लागून महिना झाला नव्हता, आणि आपल्याबद्दल कोणी चांगलं बोलतंय हे मी पहिल्यांदाच, आडून का होईना, ऐकत होते. न बोलण्याबद्दल तर मला आजवर कोणी शाबासकी दिली नव्हती.

कंपनी बियाण्यांची होती. लातूरच्या बाहेर, डांबर संपून मुरूम सुरू होतो तिथे दोन मोठी शेडं, एक ऑफिस आणि पुढे मोकळं आवार. हायब्रीड ज्वारीचं बी गोळा करायचं, चाळायचं, कीड लागू नये म्हणून त्याला गुलाबी औषध चोळायचं, थैल्यांत भरायचं आणि मृगाच्या आधी गावोगावच्या दुकानांत पोचवायचं, असा तो धंदा. प्रत्येक थैलीच्या तोंडाशी एक चिठ्ठी शिवलेली असे. शंभर दाणे पेरले तर किती उगवतील तो आकडा त्या चिठ्ठीवर छापत, आणि खाली मोजणाऱ्याची सही. तो काढायचा प्रयोगशाळेत, म्हणजे माझ्या टेबलावर. माझ्याआधी हे काम करणारे गृहस्थ हंगामाच्या तोंडावर अचानक सोडून गेले होते. का गेले, हे मी विचारलं नाही. मी काहीच विचारत नसे.

मी नांदेडची. आमचं घर बौद्ध. आजोबांनी धम्म घेतला तेव्हा वडील शाळेत होते, आणि तेव्हाच त्यांनी म्हणे ठरवून टाकलं होतं की आपलं पोर इंग्रजीत शिकेल. त्याप्रमाणे मी शिकले. शाळेत मराठी शब्द तोंडून गेला की बाई बाकावर उभं करायच्या. घरी पाहुण्यांसमोर इंग्रजी शब्द गेला की चुलते म्हणायचे, "आमची मडम बगा." मला दोन्ही सोसायचं नाही. बोलण्यापेक्षा बघणं सोपं, असं माझं लहानपणीच होऊन गेलं. बीएस्सी झाले, वनस्पतिशास्त्रात चांगले मार्क पडले, तरी तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी ताप यायचा तो यायचाच.

मग उस्मानाबादेतून फुटून लातूर हा नवा जिल्हा झाला, आणि सरकारी कचेरीत असलेल्या वडिलांची तिकडे बदली झाली.

नवा जिल्हा म्हणजे काय असतं ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगणं अवघड आहे. एका कचेरीत खुर्च्या आल्या होत्या, टेबलं यायची होती. कारकून मांडीवर फाइल घेऊन लिहीत बसलेले. भाड्याच्या घरांवर रातोरात सरकारी पाट्या लागलेल्या. एका घराच्या स्वयंपाकखोलीत तर टपाल विभाग होता, आणि ओट्यावर आवक-जावकची रजिस्टरं मांडली होती. त्या दिवसांत गावातला सगळ्यात घाईतला माणूस म्हणजे पाट्या रंगवणारा पेंटर. रविवारी वडील मला आणि आईला घेऊन पायी निघायचे, ओल्या रंगाच्या पाटीसमोर उभे राहायचे आणि 'जिल्हा लातूर' ही अक्षरं परत परत वाचायचे. "मोठ्या साहेबाच्या सहीसाठी आता उस्मानाबादची गाडी धरायला नको," असं ते अनोळखी माणसालाही सांगत. मला ते सगळं थोर वाटायचं. कोणीतरी कागदावर एक रेघ ओढतं आणि एवढी माणसं, एवढी कपाटं जागची हलतात.

पाऊस मात्र आला नाही. एक पावसाळा कोरडा गेला, मग दुसराही गेला. नळाला पाणी कधी येईल याचा नेम राहिला नाही. टँकरचा भोंगा ऐकला की आमच्या गल्लीतल्या बायका हातातलं पीठ तसंच ठेवून धावायच्या. कंपनीच्या आवारात मालकांनी स्वतःच्या खर्चाने टँकर आणवला होता, आणि कामावरच्या प्रत्येक बाईला सकाळी एक तांब्या, दुपारी एक तांब्या पाणी मिळायचं. मालक स्वतः रांगेत शेवटी उभे राहत. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, म्हणून लिहिते.

शेडमध्ये तेव्हा पंधरावीस बायका काम करत. त्यांच्याकडे जुन्या थैल्यांची थप्पी असायची. दोन वर्षं पेरण्याच झाल्या नव्हत्या, त्यामुळे भरलेला माल तसाच पडून होता. थैल्यांवर छापलेलं होतं, जिल्हा उस्मानाबाद. बायका त्यावर काळी रेघ मारायच्या आणि शेजारी रबरी शिक्का उमटवायच्या: जिल्हा लातूर. शिक्का मारून झाला की जुनी चिठ्ठी उसवायची आणि नवी शिवायची. मी जेवणाच्या सुट्टीत दारात उभी राहून हे बघत बसे. शिक्का पडताना येणारा आवाज मला आवडायचा. नवा जिल्हा असा एकेका थैलीवर उमटतोय, असं काहीतरी मनात यायचं. जुनी चिठ्ठी कुठे जाते, तिच्यावर कुठली तारीख होती, हे माझ्या मनातही आलं नाही. मी आकडा दिला होता, आणि नव्या चिठ्ठीवर तोच होता. एक्याऐंशी.

त्या बायकांत एक होत्या, त्यांना सगळे आक्का म्हणायचे. पन्नाशीच्या असाव्यात. औषधामुळे त्यांच्या हाताचे तळवे कायमचे गुलाबी झाले होते, जणू मेंदी फिकी पडत चाललीय. त्यांनी मला पहिल्या दिवशीच विचारलं होतं, "ताई, तुमी कुठल्या म्हनायच्या?"

"नांदेड."

"मंग आपल्याच की. माझं माहेर मुखेडकडं." एवढं बोलून त्या थांबल्या, माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, "बोलायचं न्हाई तर नका बोलू. माझंबी अर्धं आयुष्य सासूपुढं तसंच गेलं."

मी हसले. तेव्हापासून त्या माझ्याशी एकट्याच बोलायच्या आणि मी ऐकायचे, आणि दोघींचं त्यात बरं चाललं होतं.

एका दुपारी बघते तर आक्का आपल्या वाट्याच्या तांब्यातलं पाणी शेडमागे घेऊन चालल्या होत्या. तिथे कडुलिंबाच्या फांदीला गोणपाटाची एक गुंडाळी टांगली होती, सुतळीने बांधलेली. त्यांनी तांब्यात हात बुडवला आणि गुंडाळीवर पाणी शिंपडलं. पुन्हा बुडवला, पुन्हा शिंपडलं. तांब्यात अर्ध्याच्या वर राहिलं ते त्या प्यायल्या. शेजारची एक बाई हसून म्हणाली, "मानसाला पानी न्हाई आन् आक्का पोत्याला पाजायली."

"पोत्यात शंभर जीव हायेत," आक्का म्हणाल्या. "तुझ्या घरात किती?"

मग मला सांगितलं. फाटलेल्या थैल्यांतला माल बदलताना त्यांनी मॅनेजरांना विचारून शंभर दाणे घेतले होते. वरचे थोडे, मधले थोडे, तळाचे थोडे. वरचं बी नेहमी चांगलं दिसतं म्हणून. मुखेडकडे त्यांच्या भावाचं माळरानावरचं कोरडवाहू रान होतं. घरचं बियाणं राखेत घालून गाडग्यात ठेवलेलं असायचं, ते मागच्या उन्हाळ्यात दळून खाल्लं. "खाताना भाऊ जेवला न्हाई त्या दिवशी," आक्का म्हणाल्या. "भाकर कोरडीच ताटात ठिवली." आता भाऊ कंपनीची थैली घेणार होता. एकच घेता येणार होती, आणि पाऊस आलाच तर पेरणीही एकदाच होणार होती. त्यासाठी ही गुंडाळी.

पाचव्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. "ताई, मोजून द्या."

"तुम्हीच मोजा ना," मी म्हणाले. एवढं मी त्यांच्याशी बोलू लागले होते.

"मला न्हाई चालत. बी ज्याच्या रानात पडनार त्यानं मोजू न्हाई, ज्याच्या घरातनं निघालं त्यानंबी मोजू न्हाई. आमच्याकडं आसंच हाय. गावात आलेला पाहुना मोजतो, न्हाई तर फिरस्ता आसंल तो. आन् मोठ्यानं सांगतो." त्यांनी सुतळी सोडली. "आपल्या बियाला मानूस जास्त मोजतो. मुद्दाम न्हाई करत. डोळाच तसा पडतो."

गोणपाट उलगडलं. दहा-दहाच्या दहा ओळी. मी त्याआधी शेकडो दाणे बशीत उगवलेले पाहिले होते, पण ते ओल्या टिपकागदावर. इथे काही मोडांनी विणीतून डोकं वर काढलं होतं. चार दिवसांपूर्वी नखाएवढाही नसलेला दाणा तागाचा दोरा बाजूला सारून वर येत होता. बाहेर झाडाला पान नव्हतं, जमिनीला भेगा होत्या, आणि माणसाच्या घोटातून वाचवलेल्या ओंजळभर पाण्यावर हे चाललं होतं. मी बराच वेळ नुसती बघत राहिले. आक्कांनी घाई केली नाही.

मग मी मोजलं. "एक्याऐंशी नाही, ब्याऐंशी," मी म्हणाले. माझ्या प्रयोगशाळेतल्या आकड्याला ते इतकं धरून होतं की मला आनंदच झाला.

आक्का गोणपाटाजवळ सरकल्या. खाली वाकून त्यांनी एक दाणा बोटाने दाखवला. "ह्यो मोजला?"

"हो."

"का?"

त्यातून पांढरं टोक बाहेर आलं होतं. पुस्तकात तेच लिहिलं होतं. बीजावरण फाटून मूळ बाहेर पडलं म्हणजे अंकुरण झालं. ही व्याख्या मी इंग्रजीत तोंडपाठ लिहून मार्क मिळवले होते.

"ह्यो जागा झालाय नुसता," आक्का म्हणाल्या. "उठायचा न्हाई. बगा, मूळ हाय, कोंब कुठाय? ह्याच्या अंगात तेवढंच बळ हुतं. दोन वर्सं थैलीत बसून बसून संपलं बिचाऱ्याचं." त्यांनी पुढचा दाखवला. त्याला मूळही होतं, हिरवट कोंबही होता. "ह्यो उठला. जो उठला तोच रानात येतो. आता मोजा."

मी परत पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. पहिल्या ओळीत सहा. दुसरीत चार. शेवटच्या ओळीपर्यंत गेले तेव्हा बावन्न झाले होते.

आक्कांनी मान डोलावली. त्यांना राग आलेला दिसला नाही. "बावन्न तर बावन्न. कळलं की झालं. पेरताना चाड्यावर मूठ धरतो ना आपन, बी सोडायला? आकडा कळला की ती मूठ सैल सोडायची, बी दाट पडतं, निम्मं न्हाई उठलं तरी रान भरतं. न्हाई कळला की मानूस आवळून धरतो. दुष्काळात तर आनखीच आवळतो."

मी प्रयोगशाळेत परत आले आणि माझ्या बशा नव्याने पाहिल्या. चारही बशांत तेच. काही दाणे उठले होते, बाकीचे नुसते जागे. हे मला रोज दिसत होतं आणि मी ते रोज एक्याऐंशीत धरलं होतं. माझ्या सहीचं कार्ड छापखान्यात जाऊन आलं होतं. पार्टिशनपलीकडे जे कौतुक झालं होतं ते कशाचं होतं, हे मला स्टुलावर बसल्या बसल्या उलगडलं. थैली नवी नव्हती, शिक्का नवा होता. बायकांना सांगितलं म्हणून त्यांनी शिक्का मारला. छापखान्याला कार्ड मिळालं म्हणून त्यांनी चिठ्ठी छापली. मी पुस्तकात होतं तसं मोजलं. एवढी माणसं आपापलं काम नीट करत होती, आणि त्या सगळ्यातून जे तयार होऊन बाहेर पडत होतं ते खोटं होतं. मला भीती वाटली, पण त्याहून जास्त मी थक्क झाले. एवढी मोठी गोष्ट कोणीही आवाज न चढवता करता येते.

दुसऱ्या दिवशी मी बावन्न आकड्याचं नवं कार्ड लिहिलं आणि मॅनेजरांच्या टेबलावर ठेवलं.  त्यांनी ते वाचलं, दार लोटलं आणि माझ्याशी इंग्रजीत बोलायला लागले. त्या ऑफिसात इंग्रजी कशासाठी वापरतात हे मला तेव्हा कळलं. दाराशी चहा घेऊन उभ्या असलेल्या बाईला ते कळू नये, यासाठी. तुमच्या पुस्तकात काय लिहिलंय, त्यांनी विचारलं. मूळ बाहेर आलं की अंकुरण, असंच ना? मग पहिला आकडा चुकला कुठे? शास्त्राने बोला, बायकांच्या गप्पांवर जाऊ नका. नवं कार्ड त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकलं.

मालकांनी मात्र मला बोलावून समोर बसवलं आणि स्वतःच्या तांब्यातलं पाणी दिलं. त्यांचा आवाज नेहमीसारखा मऊ होता.

"ताई, मला ठाव हाय बी जुनं हाय. नवं कुठून आनू? दोन वर्सं पिकलंच न्हाई. ह्या पट्ट्यात आज कुणाकडंच न्हाई. मी बावन्न छापलं तर दुकानदार माल उचलायचा न्हाई. मंग शेतकरी काय पेरंल, माती? आन् ह्या बायकांनी उद्या कुठं जायाचं, खडी फोडायला? काईच न मिळन्यापरीस निम्मं मिळालेलं काय वाईट?"

 त्यांचं एकही वाक्य मला खोडता येईना. खडी फोडणाऱ्या बायका मी औशाच्या रस्त्यावर पाहिल्या होत्या, उन्हात, तोंडाला पदर बांधून. मालकांना त्या बायकांची खरंच काळजी होती. एकच प्रश्न मला विचारायचा होता: निम्मं आहे हे त्यांना सांगून का द्यायचं नाही?  मी पाणी संपवून उठले.

घरी वडिलांनी विचारलं, "काय झालं गं?" मी म्हटलं, काही नाही. त्यांच्या हाताला नव्या जिल्ह्याच्या शिक्क्याची शाई होती, ती ते दगडाने घासत होते.

आठवड्याने आक्कांनी विचारलं, "सांगितलं का हापिसात?"

मी होय म्हणून मान हलवली.

"मंग?"

मी ड्रॉवर लोटल्यासारखा हात केला, त्यावरून त्यांना कळलं. त्यांनी हातातल्या थैलीचा टाका ओढून घेतला. मग म्हणाल्या, "माझ्या भावाला सांगितलं मी, मूठ सैल सोड म्हनून. तर म्हनतो कसा, आक्का, चिठ्ठीवर एक्याऐंशी छापलंय. खाली कुन्या बाईची सहीबी हाय, इंग्रजीत. तू काय कंपनीपरीस शानी हायस का?" त्या हसल्या. "बरुबर हाय त्याचं. मी त्याची भईन. बी जनू माझ्याच घरचं. माझं मोजनं तो कसं धरंल?"

त्या सहीबद्दल त्या एक शब्द जास्त बोलल्या नाहीत. ती माझी आहे, हे त्यांना माहीत होतं.

मृग आठ-दहा दिवसांवर आला तेव्हा मालकांनी आवारात मंडप घातला. लातूरकडचे, अहमदपूरकडचे, पार मुखेडकडचे शेतकरी आणि दुकानदार बोलावले. रांजण भरून ठेवले होते. थैल्यांची थप्पी समोर रचली होती, काळ्या रेघा आणि शिक्के एका ओळीत. आक्कांचा भाऊही आला होता. मागे खांबाला टेकून बसलेला, चेहरा थेट आक्कांचा, उन्हाने रापलेला. मालक बोलले, मॅनेजर बोलले. मग पुढे बसलेले एक म्हातारे उठले आणि म्हणाले, "मालक, बोललं लई झालं. पोतं दावा."

मालकांनी याची तयारी ठेवली होती. ते शेतकऱ्याच्याच घरातले. लोक हे मागणार, त्यांना ठाऊक होतं. पाच दिवसांपूर्वी त्यांनी आक्कांना गुंडाळी बांधायला सांगितली होती, आणि आक्कांनी ती बांधली होती. वरचे, मधले, तळाचे. मॅनेजरही निर्धास्त दिसत होते. पांढरी टोकं लांबून सगळ्यांना दिसणार होती.

टेबलावर गुंडाळी ठेवली.

"मोजनार कोन?" म्हातारे म्हणाले. "कंपनीचं मानूस नगं."

"आमच्या मॅडम आहेत," मॅनेजर म्हणाले. "नांदेडच्या. वडील सरकारी साहेब. यांचं रान नाही, दुकान नाही. त्यांना यात काय मिळायचंय?"

"पगार तुमचाच घेत्यात ना पर?"

लोक हसले. तेव्हा बायकांच्या बाजूने आक्कांचा आवाज आला. "मोजू द्या, दादा. त्यांचा हात बियाला लागत न्हाई. चिमट्यानं उचलत्यात."

पुन्हा हसू झालं, पण म्हाताऱ्यांनी मान डोलावली. मी उठले. टेबलापर्यंतची वीस पावलं कशी चालले ते आठवत नाही. आठवतं ते एवढंच की सुतळीची गाठ ओली होती आणि सुटत नव्हती.

गोणपाट उलगडलं आणि ओल्या तागाचा तो वास आला. दहा ओळी. मला पुन्हा तेच झालं, आधी नुसतं बघत राहावंसं वाटलं. उठलेले कोंब एका बाजूला झुकले होते, उजेड जिकडून येत होता तिकडे. त्यांच्या मधे ते दुसरे होते, जागे होऊन तिथेच थांबलेले.

मॅनेजर माझ्या खांद्यामागे येऊन उभे राहिले. "सेम फिगर, प्लीज," ते हळूच म्हणाले. "एटी-वन." मालक समोर होते. त्यांनी मला काहीच खूण केली नाही. ते माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या कपाळावर घाम होता. शेडच्या दारात त्या पंधरावीस बायका उभ्या होत्या. त्यांच्यात आक्काही. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. खांबाकडे, आपल्या भावाकडे बघत होत्या.

मी बोट ठेवून मोजत गेले. जो उठला तो धरला, जो नुसता जागा झाला तो सोडला. दहाव्या ओळीला थांबले आणि खात्रीसाठी खालून वर पुन्हा मोजत आले. आकडा मागच्यापेक्षाही कमी होता.  माझी मान तापली होती, तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी तापायची तशी.

"एकोणपन्नास," मी म्हणाले.

आवाज इतका बारीक निघाला की पुढच्या ओळीतले म्हातारेही कानामागे हात धरून पुढे झुकले. मॅनेजरांनी माझ्या हातातून गोणपाट घ्यायला हात पुढे केला. मागून, खांबाजवळून, आक्कांच्या भावाने विचारलं, "काय म्हनल्या बाई? ऐकू न्हाई आलं."

मी गोणपाट सोडलं नाही. त्याच्याकडे बघून, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "शंभरात एकोणपन्नास. चिठ्ठीवर एक्याऐंशी आहे, ती सही माझी. माझं मोजणं चुकलं होतं. पेरताना मूठ सैल सोडा."